ट्यूबच्या मागं लिहिलेलं

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेडिकल आहे, तिथं आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. संध्याकाळची गर्दी, सगळे एकदमच हात पुढं करणारे. शेजारी एक मावशी उभ्या होत्या, आमच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाकाला येतात त्या, जिन्यात येता-जाता बोलणं व्हायचं तेवढीच ओळख. त्यांनी पिशवीतनं एक रिकामी ट्यूब काढली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळलेली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हीच द्या." दुकानातल्या पोरानं एक नजर टाकली आणि तसलीच नवी ट्यूब पुढं केली. चिठ्ठी नाही, कुणाला पाहिजे म्हणून प्रश्न नाही. मावशी पैसे मोजता मोजता माझ्याकडं वळल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या हाईसा, ह्यात काय काय लिवलंय जरा वाचा की. पोरगी म्हंतीया तोंडाची आग हुती."

मी वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. कोपऱ्यात लाल अक्षरात आरएक्स, आणि मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी ओळ. म्हणलं मावशी, हे साधं क्रीम नव्हे, औषध आहे, ह्यात स्टेरॉइड आहे, कुठल्या डॉक्टरनं दिलं? "डॉक्टर कुठला वो, वळखीतल्या एका बाईनं सांगितलं." मग जरा थांबून, आवाज बारीक करून, "पण ताई, गोरी झाली की पोरगी. आठ-धा दिसात."

ते वाक्य डोक्यातनं जाईना.

कारण मावशी खोटं बोलत नव्हत्या. माझं शिक्षण केमिस्ट्रीतलं, त्यामुळं ह्या तीन नावांचं काय चालतं ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर जोडी फार हुशारीनं जमवलेली आहे. हायड्रोक्विनोन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. ट्रेटिनॉइन वरची जुनी त्वचा लवकर झडायला लावतं आणि बाकीच्यांना आत जायला वाट करून देतं. आणि मोमेटासोन, म्हणजे ह्यातलं स्टेरॉइड, त्या दोघांमुळं होणारी जळजळ दाबून टाकतं, रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, चेहरा एकदम स्वच्छ, उजळ दिसायला लागतो. अशा तिघांचा मेळ क्लिगमन आणि विलिस ह्या डॉक्टरांनी १९७५ साली मांडला, तो वांगाच्या काळ्या डागांसाठी, आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही देतात, पण मोजके आठवडे, रात्री, डागापुरतं, आणि लक्ष ठेवून. तेच महिनोन् महिने सगळ्या तोंडाला चोपडलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. आणि बंद केलं की चेहरा असा भडकतो की बाई घाबरून परत तीच ट्यूब आणते. लावलं की शांत, सोडलं की आग. त्वचेच्या डॉक्टरांनी ह्याला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा असं आजाराचं नावच देऊन टाकलंय. त्यांच्या संघटनेनं कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, २०१८ मध्ये सरकारनं ही स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आणि राजारामपुरीत त्या संध्याकाळी ती ट्यूब चॉकलेटच्या बरणीशेजारनं सरकत मावशींच्या हातात आली.

मला स्वतःला डब्या-बाटल्यांच्या मागचं वाचायची सवय आहे, कॉलेजपासनं. विद्यापीठातनं येताना महाद्वार रोडवर उतरायचं आणि जनरल स्टोअरमध्ये उभं राहून एकेक क्रीम उलटं करून वाचायचं, दुकानदार वैतागायचे. पुढचं चित्र, फुलं, केशराच्या काड्या, चकाकणारा गाल, ते सगळं सोडून द्यायचं. यादीचा नियम साधा आहे. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, असं उतरत खाली, आणि १ टक्क्याच्या खाली आलं की मग कुणीही कुठंही. लग्नपत्रिकेत कशी वरची नावं खरी वजनदार असतात आणि खालच्या गर्दीत सगळ्यांचाच मान राखलेला असतो, तसं. ती १ टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण शोधता येते. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घालतात, ते १ टक्क्याच्या वर घालायची परवानगीच नाही. म्हणजे त्याच्या मागं जे जे उभं आहे ते १ टक्क्याच्या आत. माझ्या बहिणीनं पुण्याहून एक केशराचं सीरम आणलं होतं, बाटली बघण्यासारखी, केशर फिनॉक्सीइथेनॉलच्याही मागं, सुगंधाच्या शेजारी. पुढं होतं पाणी, ग्लिसरीन, नायासिनमाइड. काम ग्लिसरीन आणि नायासिनमाइड हे दोघंच करत होते. बहिणीला चेहऱ्यात फरक पडला म्हणून आनंद झालेला, तो फरक खराच होता, फक्त तो केशराचा नव्हता. मी तिला सांगितलं तेव्हा ती जरा हिरमुसली. मलाही वाईट वाटलं, कारण ती बाटली उघडताना तिच्या तोंडावर जे येतं ते पण काहीतरी असतंच की, ते यादीत कुठं लिहिणार.

ग्लिसरीनबद्दल मला फार आपुलकी आहे. साबण बनवताना आपोआप निघणारं, स्वस्त, चिकट, कुणी त्याची जाहिरात करत नाही. हवेतलं आणि कातडीच्या खालच्या थरातलं पाणी ओढून धरून ठेवायचं एवढंच काम ते करतं, आणि फार नीट करतं. हायल्युरोनिक अॅसिडचं एवढं कौतुक चालतं, तेही मूळ पाणी धरायचंच काम. आणि धरलेलं पाणी उडून जाऊ नये म्हणून वरनं काहीतरी पाहिजे, त्यात व्हॅसलीनच्या पिवळट-पांढऱ्या जेलीच्या तोडीचं अजून काही नाही. चेसब्रो नावाच्या माणसानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेलविहिरीवरचे कामगार पंपाच्या दांड्याला साठलेलं मेण भाजल्या-कापल्यावर लावतात हे बघून त्याला सुचलेलं. दीडशे वर्षं झाली. डिसेंबरात पहाटे पन्हाळ्याच्या बाजूनं गार वारं सुटतं आणि ओठ तडकतात तेव्हा महागातला लिप बाम बाजूला राहतो आणि हात तिकडंच जातो.

तरी महाग ते सगळं फसवं असंही नाही. व्हिटॅमिन सी घ्या. त्याचं खरं रूप, एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड, कातडीत शिरायला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, कमी आकडा तेवढं जास्त आंबट, ३.५ च्या खाली लागतो, आणि हवा-उजेड लागला की ते बिघडतं, पिवळं पडतं, मग तपकिरी. ते टिकवून धरणं हे खरं कसब आहे, त्याला पैसे पडतात आणि पडू देत. उलट नायासिनमाइड बिचारं सोशिक, कशातही राहतं, रंगाचे कण वरच्या पेशींत जायला अडवतं, कातडीचा थर भक्कम करतं, आणि त्याचा गुण २ ते ५ टक्क्यांतच दिसून येतो. आता बाटल्यांवर १० टक्के असं मोठ्यानं लिहिलेलं असतं आणि पोरी मला विचारतात, ताई दहावालं भारी ना? भारी नाही, कुणाकुणाला चुणचुण मात्र जास्त.

पॅराबेन, म्हणजे क्रीम नासू नये म्हणून घालतात ते, त्याबद्दल मी सांगायला लागले की घरचे ऐकून घेतात, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांनी पॅराबेनची भीती घेतली, कंपन्यांनी ते काढलं, त्याजागी काहींनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आणलं, आणि त्याची अॅलर्जी एवढी वाढली की अमेरिकेतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये त्याला त्या वर्षाचा अॅलर्जन म्हणून जाहीर केलं. त्याच संस्थेनं २०१९ मध्ये पॅराबेनला अॅलर्जी न करणारा म्हणून निवडलं. आपल्याकडं प्रदर्शनात घरगुती कोरफड जेल विकायला असतं, "केमिकल नाही" असं पुठ्ठ्यावर लिहून, आणि जुलैतला कोल्हापूरचा पाऊस, जिथं चामड्याच्या चपलेला कपाटात बुरशी चढते, तिथं ते ओलं जेल टिकवायला काही घातलं नसेल तर त्यात आठवड्याभरात काय वाढत असेल ह्याचा विचार करून मला तिथं उभंच राहवत नाही.

पण घरगुती म्हणलं की मी हळवीही होते, हे दोन्ही माझ्यात एकत्रच आहे. दिवाळीच्या आधी आजी पितळी परातीत उटणं कालवायची. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, ज्येष्ठमध, सगळं पूड होऊन आलेलं, आणि त्यात म्हशीच्या दुधाची जाड साय. आजोबा गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध पिऊन यायचे आणि येताना घरच्यासाठी कँड भरून आणायचे, त्याची साय बोटभर यायची. त्या पहाटेचा वास, तेल, उटणं, बंबातल्या लाकडाचा धूर, मला अजून अंगावर जाणवतो. आणि त्या परातीतलं बरंचसं आज बाटल्यांत वेगळं वेगळं विकायला आहे. ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन डागांच्या क्रीममध्ये असतं. साईतली चरबी कातडी मऊ करते, दूध आंबलं की त्यात लॅक्टिक अॅसिड तयार होतं, आणि आपल्या गुऱ्हाळावरच्या उसात ग्लायकोलिक अॅसिड असतं, दोन्ही एकाच घराण्यातली, वरची जुनी त्वचा झडवणारी आम्लं, हे मला एमएस्सीला कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस ज्याला-त्याला सांगत सुटले होते. ग्लायकोलिकचा रेणू त्या घराण्यातला सगळ्यात लहान, म्हणून पटकन आत शिरतो, लॅक्टिक जरा मोठा, म्हणून सौम्य. मात्र तोंडाला उसाचा रस फासून ते होत नाही. किती टक्के आणि पीएच किती, ह्यावर सगळा खेळ आहे, आणि बाजारातलं ग्लायकोलिक बहुतेक कारखान्यातच बनतं, त्यात काही कमीपणा नाही.

आणि परातीत लिंबूही असायचं कधीकधी. त्याचा मला राग आहे. पीएच २ च्या आसपास, आणि लिंबाच्या सालीत बर्गाप्टेनसारखे पदार्थ असतात, ते कातडीवर राहून ऊन लागलं की चक्क भाजतं, मग महिनोन् महिने काळा डाग. गावाकडं एका चुलतबहिणीच्या गालावर असा पट्टा उठला होता, लिंबू लावून ती तशीच उन्हात शेतात भांगलायला गेलेली. गोरं व्हायलाच लावलेलं ते.

भेगांचं मात्र आजीचं बरोबर होतं. गगनबावड्याच्या घाटातनं कोकणातले लोक यायचे, त्यांच्याकडनं ती कोकमाच्या बियांचं तेल घ्यायची, तेल कसलं, घट्ट वडीच असते ती, पळीत वितळवून टाचेच्या भेगेत गरम गरम सोडायची. मी ओरडायचे. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ते थंडीत दगडासारखं घट्ट आणि अंगाच्या उबेला हळूहळू विरघळणारं, भेग बुजवून बसतं. आता मी बाबांना युरियाचं क्रीम आणून देते. पहिल्यांदा नाव ऐकून ते दचकले, शेतात टाकतो तोच काय? तोच. रेणू तोच. आपल्या कातडीत मुळातच तो थोडा असतो, पाणी धरून ठेवायला. १० टक्क्यांपर्यंत ओलावा देतो, २० च्या पुढं गेला की जाड निबर कातडं सैल करून काढतो. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि मग लावायला लागले.

एवढं सगळं वाचायला मिळतं, कारण मागं लिहिलेलं असतं. माझ्या आत्याच्या कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडला. घरात कोड आलं म्हणून रडारड, लग्न झालेली मुलगी, सासरी काय म्हणतील. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं एक रसायन येतं, ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं, आणि असे डाग आपल्या देशातल्या डॉक्टरांनी कितीतरी बायकांच्या कपाळावर बघून नोंदवलेत. पण टिकलीच्या पाकिटावर गोंदात काय आहे हे वाचायला काय असतं? वरती एक नटलेली बाई आणि किंमत. कुंकवाचं तसंच. हळदीला चुना-निवळी लावून केलेलं कुंकू वेगळं आणि सुट्या पुडीत मिळणारं भडक लाल वेगळं, त्यातल्या काही रंगांनी कपाळ काळवंडतं, खाजतं. अंबाबाईच्या देवळाबाहेर त्या ढिगांच्या रांगा किती सुंदर दिसतात, मी आजही तिथं थांबते, आणि आता मनात येतं की ह्यातल्या कुठल्या ढिगात काय आहे हे विकणाऱ्या बाईलाही माहीत नसणार.

आणि पारा. गोरं करणाऱ्या, कुठनं बनून आल्या ते न कळणाऱ्या डब्यांत पारा असतो, तोही टायरोसिनेजच अडवतो, झटकन उजळ करतो, आणि कातडीतनं रक्तात जाऊन मूत्रपिंडात बसतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरममध्ये एकामागून एक रुग्ण मूत्रपिंडाचा आजार घेऊन यायला लागले, डॉक्टरांनी खोदून विचारलं तर धागा निघाला तोंडाला लावायच्या क्रीमचा. आपल्याकडं नियमानं क्रीममध्ये पारा घालता येत नाही, नकळत आला तरी दहा लाखांत एक भाग एवढीच सूट. पण नियम यादीतल्या मालाला लागतो. त्या डब्यांवर यादीच नसते, किंवा असते ती कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेत. मी महाद्वार रोडवर उभं राहून जे वाचायचे ते मुळात बरंचसं निरुपद्रवीच होतं. वाचायची खरी गरज जिथं आहे तिथं एक तर लिहिलेलं नाही, नाहीतर लिहिलेलं वाचणारं कुणी शेजारी उभं नाही. मला हे फार लागतं. मी ग्लिसरीन कितव्या नंबरवर आहे त्यावर बहिणीशी अर्धा तास वाद घालू शकते, आणि वरच्या मजल्यावर रोज चपात्या लाटणाऱ्या बाईच्या घरात वर्षभर स्टेरॉइड तोंडाला लागत होतं.

मावशींना मी त्या दिवशी जिन्यात बसवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "पोरगी सावळी हाय म्हणून दोन ठिकाणं गेली ताई. मी काय करू?" ह्याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हली क्रीमनं २०२० मध्ये नावातनं गोरेपणा काढला, ठीक आहे, पण बायोडाटामध्ये रंगाचा रकाना आहे तसाच आहे, आणि मुलाकडचे फोटो बघून फोन करतात किंवा करत नाहीत. मी मावशींना दोष देऊ शकले नाही. आज लिहितानाही देत नाही.

पुढच्या आठवड्यात तिघी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात गेलो, त्वचेच्या ओपीडीत. पोरगी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, अर्धा दिवस भरून आलेली, स्कार्फ डोळ्यांपर्यंत. स्कार्फ काढला तेव्हा गाल लालभडक, त्यावर बारीक शिरांचं जाळं, आणि हनुवटीवर लव. वय असेल बावीस-तेवीस. डॉक्टर बाईंनी शांतपणे बघितलं, स्टेरॉइड एकदम न तोडता उतरवत कसं बंद करायचं ते लिहून दिलं, ट्रेटिनॉइन आजपासनंच बंद, आणि लग्न ठरलं, दिवस राहिले, तर ते अजिबात चालत नाही हे मावशींना दोनदा सांगितलं. बाकी फक्त साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सुगंध नको, घरगुती लेप नको, हळद-बेसनही नको, सध्या काहीच नको.

सनस्क्रीन शोधायला आम्ही शाहूपुरीत फिरलो. डॉक्टरांनी रंगीत घ्या म्हणून सांगितलं होतं, कारण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर डाग नुसत्या अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही होतात, आणि त्याला साधं सनस्क्रीन अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं. गेरूमधलं तेच ते, लोखंडाचा गंज, तालमीतल्या मातीला लाल करणारं. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन उन्हाला किती अडवतं त्याचा आकडा, त्यातला ३० आणि ५० मधला फरक मी तिला सांगितला, उन्हातले भाजणारे किरण एक साधारण ९७ टक्के अडवतं, दुसरं ९८, तेव्हा महागाच्या मागं न लागता जे आहे ते भरपूर लाव, कारण ते आकडे काढताना जेवढा जाड थर लावतात तेवढा आपण कुणीच लावत नाही. दुकानादुकानांत ट्यूब उघडून मनगटावर लावून बघितली. सगळ्या छटा तिच्यापेक्षा फिकट. एका दुकानातली मुलगी म्हणाली, मॅडम, लाइटच जातंय, डार्क कुणी मागत नाही. कोल्हापुरात ऊन कुणाच्या अंगावर पडतं ते आजूबाजूला बघितलं तरी कळतं, आणि त्यांच्या रंगाची ट्यूब दुकानात नाही. शेवटी त्यातल्या त्यात जवळची घेतली.

परवा मावशी जिन्यात भेटल्या. लाली थोडी कमी आहे, पण मधे एकदा परत भडकली होती, पोरगी दोन दिवस कामाला गेली नाही, घरातले म्हणाले लाव बाई परत ती ट्यूब. तिनं लावली नाही. मावशी म्हणाल्या, "मार्गशीर्षात बघायला येनार हाईत, कराडची मानसं. तवर जाईल न्हवं सगळं?" डॉक्टर बाई जे म्हणाल्या होत्या तेच मी सांगितलं, महिने लागतात, कुणाकुणाला वर्षही, आणि लाली गेल्यावर तिचा जो रंग आहे तोच येईल. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग पिशवीतनं घडी घातलेलं एक क्रीमचं खोकं काढलं, शेजारणीचं, "हे पण वाचता का, तिच्या सुनंला दिलंय कुणीतरी, मी तिला सांगतो वाचून झाल्यावर." मी चष्मा आणायला आत गेले.